गायक पुन्हा येईल असा कराओके कार्यक्रम कसा उभा करायचा

पुण्यात नवी पेठेतलं निवारा सभागृह, पत्रकार भवन किंवा नागपुरातलं सायंटिफिक सभागृह, शनिवार-रविवारी संध्याकाळी कुठेही डोकावा; जुन्या हिंदी गाण्यांचा कराओके कार्यक्रम चालू असण्याची शक्यता मोठी. मंचावर निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षिका, डॉक्टर, दुकानदार. समोर त्यांचे नातेवाईक आणि आपल्या नंबराची वाट पाहणारे इतर गायक. प्रवेश बहुतेक वेळा विनामूल्य असतो आणि खर्च गायकांच्या सहभाग शुल्कातून निघतो. गेल्या काही वर्षांत असे ग्रूप इतके झाले आहेत की नव्याने सुरू करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच: आपल्याकडे कोण येणार?

या धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे गायक, श्रोता नव्हे. श्रोता एखादी संध्याकाळ येतो. गायक महिन्याला येतो, वर्षभर येतो, सोबत मित्राला आणतो. आणि दुखावला गेला तर काही न बोलता दुसऱ्या ग्रूपमध्ये जातो. लॅपटॉप, स्पीकर, माइक आणि ट्रॅक (गायकाचा आवाज नसलेली, नुसत्या वाद्यांची साथ) कुणालाही मिळतात. तेवढ्यावर कुणी पुढे गेलेला नाही आणि जाणारही नाही. ज्याच्याकडे गायकाला स्वतःचं गाणं स्वतःच्या पट्टीत, ठरल्या वेळी, नीट ऐकू येईल अशा आवाजात गाता येतं, त्याच्याकडे लोक टिकतात.

कराओकेची सुरुवातही अशीच झाली आहे. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए हा वादक बारमधल्या हौशी गायकांना साथ करायचा. एका कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं, इनोउएला सोबत जाता येत नव्हतं, म्हणून त्याने त्या गृहस्थाच्या गळ्याला जमेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून 1971 मध्ये त्याने नाणं टाकून चालणारी 11 यंत्रं करून घेतली आणि बारना भाड्याने दिली. पेटंट त्याने घेतलं नाही. मोठ्या कंपन्या आल्या आणि बाजार त्यांच्या हाती गेला. यंत्राची नक्कल लगेच झाली. एका माणसाचा गळा ओळखून केलेली ती पहिली टेप मात्र आजही आयोजकाच्या कामाचा नमुना आहे.

आधी हिशेब, मग हॉल

हॉल मिळतो तासांवर. समजा संध्याकाळी 5 ते 9 असे चार तास मिळाले. म्हणजे 240 मिनिटं. साउंड लावायला 45, आवरायला 20, स्वागत आणि सुरुवातीच्या उशिराला 10. हातात राहिली 165 मिनिटं. जुनं गाणं सरासरी पाच मिनिटांचं धरा. निवेदन, माइक हातात येणं, टाळ्या यांना दीड मिनिट. साडेसहा मिनिटांनी भागलं की 25 गाणी. तुमच्या दुकानात विकायला एवढाच माल आहे आणि तो वाढवता येत नाही.

आता खर्च. उदाहरणासाठी आकडे घेतो, तुम्ही आपल्या गावचे घाला. हॉल 6,000, साउंड आणि स्क्रीन 5,000, चहा-नाश्ता 2,000, बॅनर आणि किरकोळ 1,500. एकूण 14,500 (परवान्याचं शुल्क यात धरलेलं नाही). 25 गाण्यांत वाटलं तर गाण्यामागे 580 रुपये, तेही तुमच्या कष्टाचा एक पैसाही न धरता. स्वतःसाठी 4,000 धरलेत तर 740.

शेजारचा ग्रूप 300 रुपयांत गाणं देतोय म्हणून अनेकजण घाबरून दर पाडतात. तसं करण्याआधी याच खर्चात 300 चा हिशेब मांडून बघा. नुसता खर्च भरून निघायला 49 गाणी लागतात, म्हणजे पाच तासांहून जास्त. मग एक अंतरा कापला जातो, शेवटच्या गायकांना रिकाम्या खुर्च्यांसमोर गावं लागतं, किंवा हॉलचा माणूस येऊन दिवे बंद करायला लागतो. त्या शेवटच्या पाच-सहा जणांना पुढच्या वेळी कुठे जावं असा प्रश्न पडलेला असतो. तुमचा दर थोडा जास्त असू द्या, पण 'दोन्ही अंतरे पूर्ण, वेळ पक्की' हे सूचनेत लिहा आणि पाळा.

दर खाली आणायचाच असेल तर खर्चाकडून आणा. सोसायटीचं सभागृह, वाचनालयाची खोली, सकाळची वेळ. किंवा महिन्यातून तीन वेळा छोट्या खोलीत सरावाची बैठक आणि एकदा मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम, असं मासिक शुल्क ठेवा. मला हाच मार्ग सर्वांत टिकाऊ वाटतो. सरावाने गायक सुधारतो, सुधारला की त्याला मंचाची ओढ लागते आणि तुम्हाला दर महिन्याला नव्याने माणसं गोळा करावी लागत नाहीत.

तारीख आणि विषय

22 जुलैला मुकेश यांची जयंती, 31 जुलैला मोहम्मद रफींची पुण्यतिथी, 4 ऑगस्टला किशोरकुमार यांची जयंती. या पंधरवड्यात प्रत्येक शहरात प्रत्येक ग्रूप तोच कार्यक्रम करतो. हॉल मिळत नाही, साउंडवाला मिळत नाही, आणि चांगले गायक चार ठिकाणी विभागले जातात. नव्या आयोजकाने या गर्दीत उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागा कुठे आहे ते बघा. सुधीर फडके यांची जयंती 25 जुलैला आणि पुण्यतिथी 29 जुलैला, म्हणजे त्याच पंधरवड्यात. 14 जुलै हा मदनमोहन यांचा स्मृतिदिन (1975) आणि संगीतकार रोशन यांचा जन्मदिवस (1917). दोघांच्या गझला आणि रागदारीवरची गाणी एका संध्याकाळी बसवली तर गाण्याची समज असलेले गायक आपणहून येतात. 4 जानेवारीला सगळे पंचमदांचं (राहुलदेव बर्मन) स्मरण करतात. दुसऱ्याच दिवशी, 5 जानेवारीला, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची पुण्यतिथी असते. तलत महमूद, हेमंतकुमार, गीता दत्त यांच्यावरचे कार्यक्रम कमी होतात, आणि ज्यांचा आवाज रफी-किशोरच्या साच्यात बसत नाही अशा गायकांना तिथेच न्याय मिळतो.

मराठी भावगीतांच्या कार्यक्रमात अडचण ट्रॅकची. हिंदीच्या मानाने चांगले मराठी ट्रॅक कमी मिळतात. म्हणूनच ज्याने वर्षभर खपून शे-दीडशे उत्तम मराठी ट्रॅक जमवले, तपासले, त्यांचे शब्द बिनचूक लिहिले, त्याच्याशी स्पर्धा करणं सोपं राहत नाही.

पट्टी: इथेच कार्यक्रम बसतो किंवा पडतो

गायकाकडून फक्त गाण्याचं नाव घेऊन ट्रॅक लावणारे आयोजक बहुसंख्य आहेत. तुम्ही त्याच्यासोबत दहा मिनिटं बसा. घरी, फोनवर, सरावाच्या बैठकीत, कसंही.

पेटी शिकलेला गायक सांगेल, "माझी काळी एक." म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा षड्ज, त्याचा 'सा'. बाई सांगतील, "काळी चार, काळी पाच." ही माहिती उपयोगाची असली तरी पुरेशी नाही. एकाच पट्टीतली दोन गाणी घेतली तरी एक मध्यातच फिरतं आणि दुसरं तार सप्तकात चढतं. म्हणून षड्ज न विचारता गाण्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत खालची जागा गाऊन घ्या. बहुतेक वेळा अडचण मुखड्यात नसते, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत असते. तिथे गळा ताणला जात असेल तर ट्रॅक एक-एक स्वराने खाली आणत जा. काळी एकवरून पांढरी एक, एवढी एक पायरी. जिथे वरची जागा सहज लागते आणि खालची ऐकूही येते, तो आकडा वहीत लिहून ठेवा.

दोन-तीन पायऱ्यांपर्यंत ट्रॅक चांगला टिकतो. त्यापुढे तबला-ढोलकी बोदी वाटायला लागते, बासरी-व्हायोलिन ओळखू येत नाही. एखाद्या पुरुषाला लताबाईंचं गाणं म्हणायचं असेल तर चार-पाच पायऱ्या खाली ओढण्यापेक्षा पुरुषांच्या पट्टीत मुद्दाम वाजवलेला ट्रॅक शोधा. मूळ गाण्यातून आवाज काढून टाकलेले ट्रॅक शक्यतो नकोत. मूळ गायकाची पुसट सावली मागे राहते आणि नवखा गायक तिच्यामागे फरपटत जातो.

युगुलगीतात खरी कसोटी. बाईंना दोन पायऱ्या खाली हवं असतं, आणि तेवढं उतरवलं की पुरुषाची खालची जागा विरून जाते. ट्रॅकची पट्टी तर दोघांना एकच. अशा वेळी जोडी बदला किंवा गाणं बदला. कार्यक्रमाच्या दिवशी 'बघू कसं होतं' म्हणून सोडू नका. जोडीने निदान एकदा एकत्र म्हटल्याशिवाय युगुलगीत यादीत घ्यायचं नाही, हा नियम सर्वांना लागू ठेवा, जुन्याजाणत्यांनाही.

प्रत्येक गायकासाठी वहीत एक पान ठेवा: गाणं, ट्रॅक कुठला, किती पायऱ्या वर-खाली, एन्ट्री कुठे चुकते, माइक स्टँडवर हवा की हातात. वर्षभरात ही वही तुमच्या स्पीकरपेक्षा मोलाची होते. गायकाला पुढच्या वेळी "तुमचं ते गाणं उणे दोनमध्ये लावलंय" असं सांगितलं की त्याचा चेहरा बघा.

यादी

भांडणं आवाजावरून होत नाहीत, यादीवरून होतात.

यादी आदल्या रात्री ग्रूपवर टाका आणि त्यानंतर बदलू नका. कुणाचे पाहुणे लवकर जाणार आहेत, कुणाला गाडी पकडायची आहे, हे तीन दिवस आधी विचारून घ्या. ऐन वेळी कानाशी येऊन "माझं जरा आधी घ्या ना" म्हणणाऱ्याचं एकदा ऐकलंत की बाकीच्या वीस जणांना ते दिसतं.

पहिलं गाणं अनुभवी आणि शांत डोक्याच्या माणसाला द्या, कारण साउंड पहिल्या गाण्यातच नीट बसतो. नवख्याला चौथा-पाचवा नंबर द्यावा: हॉल भरलेला असतो, कान सरावलेले असतात आणि वाट बघून बघून घशाला कोरड पडलेली नसते. दोन संथ गाणी पाठोपाठ नकोत. शेवटच्या पाचात दोन तरी लोकप्रिय गायक ठेवा, म्हणजे गर्दी टिकते आणि त्यांच्या अधेमधे असलेल्यांनाही श्रोते मिळतात. हे सर्वांत महत्त्वाचं. शेवटचा नंबर दर वेळी वेगळ्याला जाईल याची नोंद वहीत ठेवा.

आयोजकाने स्वतः किती गावं? जास्तीत जास्त दोन गाणी, आणि तीही मोक्याच्या जागी नकोत. पैसे देऊन आलेला माणूस तीन तास बसून दोन गाणी म्हणतो आणि आयोजक सहा. ही तक्रार या वर्तुळात सर्वत्र ऐकू येते. तुमची हौस भागवायला सरावाची बैठक आहे.

निवेदन थोडक्यात हवं. गायकाचं नाव नीट उच्चारा, गीतकार-संगीतकारांची नावं घ्या, एखादी खात्रीची माहिती द्या आणि बाजूला व्हा. प्रत्येक गाण्याआधी दोन मिनिटं बोललात तर 25 गाण्यांत 50 मिनिटं जातात, म्हणजे सात-आठ जणांची गाणी.

आवाज

मंचावर दोन-तीन चांगले डायनॅमिक माइक पुरतात. गायकांना तीन गोष्टी सांगा: माइक तोंडापासून चार बोटांवर, जाळीवर मूठ आवळायची नाही, आणि स्पीकरकडे माइक रोखायचा नाही. शिट्टी वाजण्याची निम्मी कारणं एवढ्यात संपतात. मिक्सरवर आवाजाच्या चॅनेलला लो-कट लावून ठेवा. 80 ते 100 हर्ट्झखालची घरघर निघून जाते.

"एको वाढवा" ही मागणी हटकून येते. एकोमुळे गायकाला आपला आवाज भरदार वाटतो, पण समोर शब्द एकमेकांत मिसळतात. मुख्य स्पीकरवर थोडाच ठेवा आणि गायकाच्या पायाशी असलेल्या मॉनिटरवर त्याला हवा तेवढा द्या. मिक्सरवर ही सोय नसेल तर मॉनिटर निदान असावाच. गायक बेसूर होतो त्याचं कारण पुष्कळदा गळ्यात नसतं, त्याला ट्रॅकच ऐकू येत नसतो.

स्पीकर ब्लूटूथवर जोडू नका. आवाज पोचायला सेकंदाचा एक-दशांश ते दोन-दशांश भाग उशीर होतो. माइक वायरवर आणि ट्रॅक ब्लूटूथवर असला की पडद्यावरचे शब्द पुढे, वाद्यं मागे आणि गायक मध्ये अडकलेला. ट्रॅक इंटरनेटवरूनही वाजवू नका. सगळे ट्रॅक लॅपटॉपवर, क्रमांक घालून, त्याच फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या लॅपटॉपवर. वेगवेगळ्या ठिकाणचे ट्रॅक कमी-जास्त मोठे असतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांची पातळी घरीच सारखी करून घ्या, पट्टी बदलायचं कामही तिथेच होतं. कार्यक्रमात लॅपटॉपचं वाय-फाय बंद, सूचनांचे आवाज बंद, अपडेट पुढे ढकललेलं. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून गुणगुण आली तर मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या. तरीही राहिली तर डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची, गुणगुण तोडणारी छोटी पेटी) लावा. वायरलेस माइकचे सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवे.

आणि ट्रॅक सुरू करणारा माणूस गायकाकडे बघून सुरू करणारा हवा. गायक मंचावर स्थिर झाला, चष्मा नीट केला, त्याने मान हलवली, मग बटण. पायऱ्या चढता चढता म्युझिक सुरू झालं की साठीतल्या माणसाची एन्ट्री हुकते आणि ती संध्याकाळ त्याच्यासाठी तिथेच संपते. एन्ट्री हुकलीच तर ट्रॅक थांबवून पहिल्यापासून लावा, न सांगता, हसतमुखाने. अर्धं मिनिट जातं, माणूस राहतो.

परवाने आणि कागद

गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. कॉपीराइट कायदा 1957 चा. शब्द-चालीच्या सार्वजनिक सादरीकरणासाठी 1969 मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) परवाना देते. ध्वनिमुद्रित संगीतासाठी पीपीएलसारख्या (फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड) संस्था आहेत. लग्न आणि त्यातल्या समारंभांना कायद्यात सूट आहे. हॉटेल, रेस्टॉरंट, तिकीट लावलेला किंवा शुल्क घेतलेला कार्यक्रम यांना ती लागू होत नाही. तुमच्या कार्यक्रमाला कुठला परवाना लागतो ते हॉलच्या व्यवस्थापकाला आणि त्या संस्थांना आधी विचारा. पोलीस परवानगीचंही तसंच. फेसबुकवर थेट प्रक्षेपण केलंत तर हक्कांच्या कारणावरून आवाज बंद पडू शकतो, म्हणून गायकाच्या नातेवाइकांना तसं वचन देऊ नका.

उघड्या जागेत ध्वनिप्रदूषण नियम 2000 लक्षात ठेवा: रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, रात्रीची 45. सोसायटीच्या हिरवळीवर कार्यक्रम असेल तर साडेनऊला शेवटचं गाणं संपेल अशीच यादी करा.

सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. बहुतेक ग्रूप त्याखालीच असतात, तरी पैसे बँकेतून किंवा यूपीआयने घ्या आणि प्रत्येकाला पावती द्या. कार्यक्रमानंतर जमा-खर्च ग्रूपवर टाकणारे आयोजक थोडे आहेत. तुम्ही टाका; तुमचं मानधनही त्यात उघड लिहा. मेहनतीचे पैसे घेण्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसरे ग्रूप

तुमचे गायक इतर ग्रूपमध्येही गातील. गाऊ द्या. 'आमच्याकडे गायचं तर तिकडे नाही' अशी अट घालणाऱ्याकडे शेवटी दोन्हीकडचे राहत नाहीत. एखादा तयार गायक वर्ष-दोन वर्षांनी स्वतःचा ग्रूप काढेल, तुमच्यातले पाच-सहा जण घेऊनही जाईल. त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला जा, मागितले तर ट्रॅक द्या. तो उद्या तुमच्या कार्यक्रमाचा गायकही असतो आणि साउंडवाला ऐन वेळी आला नाही तर मिक्सर देणाराही.

शहरातल्या चार-पाच आयोजकांनी मिळून तारखांचं एक सामायिक वेळापत्रक ठेवलं तर सर्वांचा फायदा होतो. एकाच संध्याकाळी तीन कार्यक्रम पडत नाहीत. ओळखीच्या एखाद्याने पुढाकार घेऊन दर तीन महिन्यांनी चहाला बसायचं आणि पुढच्या तिमाहीच्या तारखा वाटून घ्यायच्या, एवढंच काम. सुरुवातीला दोघेच आले तरी सुरू करा. आपला पुढचा कार्यक्रम त्या बैठकीनंतरच जाहीर करा, आणि सहभागाची नावं हॉलमध्येच, चहा चालू असताना, वहीत लिहून घ्या. घरी गेल्यावर फोन करून माणसं जमवणं फार अवघड जातं.